घाटाखाली गळ टाकायला निघण्याआधी

समुद्रावर मासे धरायला जायचं तर रविवार नंतर बघा, आधी तिथी बघा. आपल्या बेळगावकडच्या हिडकलच्या धरणावर कधीही बसलं तरी पाणी जागच्या जागी असतं, वेंगुर्ल्याला तसं नसतं. कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट. द्वादशीला 12 ची पाऊणपट 9, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास भरती पूर्ण. मासा खायला येतो तो बहुतेक भरतीच्या शेवटच्या दोन तासांत आणि ओहोटी लागताना. म्हणून त्या दिवशी साडेसहाला किनाऱ्यावर पाहिजे, आणि आंबोलीच्या घाटातलं धुकं धरून बेळगावातून तीनलाच निघायला पाहिजे. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला ओढ जोराची असते; नवख्यांनी ते दिवस टाळावेत. पावसाळ्यात तर नकोच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटीसुद्धा बंद असतात. ऑक्टोबरपासून पाणी निवळतं.

धरणावरचा सहाफुटी रॉड लाटांच्या पलीकडे शिसं (दोरीला लावायचं वजन) नेत नाही. नऊ-दहा फुटी रॉड, 4000 मापाचं रील, 0.35 मिमीचा तंगूस (गळाची नायलॉन दोरी) आणि 40 ते 60 ग्रॅमची शिसं एवढं पुरे, सुरुवातीला महागाचं काही घेऊ नका. गळ मात्र दोन मापांचे ठेवा. वाळूतल्या मुडदुशी माशाचं तोंड बारीक, तिला 6-8 नंबरचा लहान गळ. खडकातल्या तांबोशी माशाला 1/0 नंबरचा मोठा, आणि गळाजवळ हातभर लांबीचा जाड तंगूस, नाहीतर खडकावर घासून तुटतो.

गांडूळ आणि कणकेचा गोळा घरीच राहू द्या. आमिष कोळंबीचं, तेही बेळगावातून बर्फात नेण्यापेक्षा तिथल्या बाजारात सकाळी मिळेल ते ताजं. डोकं काढायचं, पेराएवढा तुकडा शेपटीकडून गळाच्या वळणावर ओवायचा आणि टोक किंचित उघडं ठेवायचं. टोक मांसात बुडालं तर मासा आमिष चोखून निघून जातो.

खडकावर चढण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. खडक जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत लाट येते, त्याच्या वर उभं राहायचं. समुद्राकडे पाठ करायची नाही आणि एकट्यानं जायचं नाही. ही बाब मी सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो, कारण आपण नदी-तलावाची माणसं, लाटेचा अंदाज आपल्याला जन्मजात नसतो.

पिशवीत पकड हवीच. शिंगाळा माशाच्या पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो, हातानं धरू नका. टोचलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात धरून दवाखाना गाठा. हवा भरून फुगणारा केंड मासा लागला तर सोडून द्या, तो खाण्याचा नाही.

परतीसाठी थर्माकोलच्या पेटीत बर्फ, आणि गोड्या पाण्याचा एक कॅन. रॉड-रील तिथेच हलक्या धारेखाली धुवा. खारं पाणी घाट चढेपर्यंतही ठेवू नका.