समुद्रावर मेटल डिटेक्टर नेताय? ग्राउंड बॅलन्स तिथंच करा

आंबा घाट उतरून गणपतीपुळे-मालगुंडकडं डिटेक्टर घेऊन निघणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी ही यादी. चार्जिंग, हेडफोन, वाळू चाळायची जाळी, प्यायचं पाणी हे कुणी सांगायला नको. ग्राउंड बॅलन्सचं, म्हणजे वाळू-मातीला मशीननं धातू समजू नये म्हणून करायच्या जुळवणीचं, मात्र सांगायलाच हवं. गेल्या खेपेला माझा तोच राहिला आणि अख्खी ओहोटी खोट्या आवाजांमागं गेली.

आधी वेळ बघा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात लांब ओसरतं. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. पौर्णिमेला भरती सव्वाअकराच्या सुमारास, म्हणजे संध्याकाळी सव्वापाचला पाणी तळाला. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोहोचा आणि पाण्यामागून खाली सरकत जा.

आता बॅलन्स. तो घरच्या अंगणात किंवा रंकाळ्याच्या काठावर करून निघू नका. आपली माती बेसॉल्टची, लोहखनिज असलेली. तिथं जुळवलेला आकडा समुद्रावर चालत नाही. समुद्रावरही वाळू सगळीकडं सारखी नसते. वरची कोरडी वाळू शांत असते. खालच्या ओल्या वाळूतलं खारं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून मशीन त्यालाच धातू समजून ओरडतं. त्यात मालगुंड, काळबादेवीच्या बाजूला इल्मेनाइट या लोह-टायटॅनियमच्या खनिजाची काळी वाळू. म्हणून कोरड्यावरून ओल्यावर उतरलात की बॅलन्स पुन्हा. काळा पट्टा लागला की पुन्हा. चहा पिऊन आलात तरी पुन्हा, तोवर पाणी हललेलं असतं.

क्रम चुकवू नका. आधी बीच मोड (समुद्रकिनाऱ्याची सेटिंग), मग नॉइज कॅन्सल (आजूबाजूच्या विजेचा गोंगाट काढणं), मग बॅलन्स, सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) सगळ्यात शेवटी. बॅलन्ससाठी खाली धातू नाही अशी जागा शोधा, कॉइल (दांड्याच्या टोकाची तबकडी) फूटभर उंचीवरून दोन इंचांपर्यंत खाली-वर करा, वाळूला टेकवू नका. वर जाताना आणि खाली येताना आवाज सारखा झाला की जमलं. बोटातली अंगठी, हातातलं कडं काढा. खिशातला फोन गाडीत ठेवा.

गॅरेट एटी प्रोसारखं एकाच फ्रीक्वेन्सीचं मशीन असेल तर ओल्या वाळूत सेन्सिटिव्हिटी बरीच उतरवावी लागते. मन मानत नाही, तरी उतरवा. खोलवरचा खोटा आवाज ऐकण्यापेक्षा वीतभर खोलीचा खरा आवाज बरा. मीठ आणि काळी वाळू दोन्ही एकत्र आली की अशी मशीनं गडबडतात. तिथून बाजूला व्हा. मल्टी-फ्रीक्वेन्सीवाल्यांना, म्हणजे एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी मशीनं असलेल्यांना, हे सोपं जातं. मिनेलॅब इक्विनॉक्सवर कोरड्या-ओल्या वाळूला बीच १ मोड, लाटांत बीच २. पण मशीन महाग आहे म्हणून बॅलन्स सोडायचा नाही. बॅलन्स कराच.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको असलेले धातू गाळायची सेटिंग, कमी ठेवा. सोन्याची बारीक अंगठी आणि चॉकलेटची चांदी (चकचकीत कागद) मशीनच्या पडद्यावर जवळजवळ एकाच आकड्यावर बोलतात. ही चांदी टाळायला गेलात तर सोनंही सुटतं. एक-दोन रुपयांची पोलादी नाणी लोखंडात जातात, त्यांची हळहळ नको. बारीक साखळी बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, कारण प्रत्येक कडी मशीनला सुटी दिसते.

बाकी पटापट. कॉइल आडवी, वाळूला समांतर, सावकाश. खड्डा लगेच बुजवा. गणपतीपुळ्याला पाण्यात शिरू नका, तिथं माणसं बुडतात. कासवांच्या घरट्यांपासून लांब. संरक्षित किल्ल्यांच्या आवारात मशीन काढायचंही नाही. जमिनीत लपलेला दहा रुपयांवरचा ऐवज सापडला तर १८७८ च्या कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. कुणाची अंगठी असेल तर मालक शोधा. घरी आल्यावर कॉइल गोड्या पाण्यानं धुवा, कव्हर काढून आतली वाळू झटका, दांडा पुसा.