केजी सुरू व्हायच्या आधी पोराला काय काय स्वतःचं स्वतः करू द्यायचं

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर उघडतात (विदर्भात जरा उशिरा), आणि बरेच आईबाबा मेच्या शेवटी जागे होतात, बॅग झाली बॉटल झाली डबा झाला पण पोराला स्वतःची चड्डी वर घेता येत नाही. एबीसीडी नाही आली तर शाळेत शिकवतील हो, चड्डीचं कोण बघणार? एक टीचर, एक मावशी, आणि वर्गभर पोरं. त्यामुळे एप्रिलपासूनच सुरू करा.

आणि हो, वय 31 डिसेंबरला मोजतात, म्हणजे डिसेंबरचं पोर ज्युनिअर केजीत बसतं तेव्हा साडेतीनचंच असतं आणि शेजारचं जानेवारीचं जवळजवळ साडेचारचं. त्या दोघांची तुलना करायची नाही, सोसायटीतल्या काकूंनी केली तरी.

सगळ्यात आधी शी-शू. नाडी, बटण, बेल्ट काही नको, इलॅस्टिकची चड्डी. शिकवताना शेवटचं काम आधी त्याला द्या, म्हणजे गुडघ्यापर्यंत तुम्ही चढवा आणि तिथून वर तो ओढेल, ते जमलं की घोट्यापासून, मग पूर्ण. मागे ढुंगणावर हमखास अडकते, तेव्हा एक हात मागे न्यायला सांगा, दोन्ही हात पुढे ठेवून ओढत राहतात ही पोरं. शाळेत कमोड आहे की इंडियन ते अ‍ॅडमिशनच्या वेळीच बघून या, घरी फक्त कमोड असेल तर उकिडवं बसायचा सराव लागतो. दाराला आतून कडी लावायची नाही हेही सांगून ठेवा. आणि घरचा काही कोडवर्ड असेल तर तो बंद करा, आमच्याकडे 'सूसू गाडी' म्हणायचे, टीचरला काय कळणार कप्पाळ!

डबा. दुकानात गेलात की पोरालाच उघडायला लावा, नाही उघडला तर कितीही गोंडस असो, घेऊ नका. मग घरी रोज एक वेळचं खाणं त्याच डब्यातून, खाली चटईवर बसवून, टीव्ही-मोबाईल बंद, पंधरा-वीस मिनिटं. पोळीचा रोल सोपा पडतो, भाजी आतच. सांडेल, सांडू दे, फडकं त्याच्याच हातात द्या. इथे खरी अडचण पोराची नसतेच, आजीची असते, "अगं लहान आहे तो, मी भरवते पटकन". माझ्या सासूबाईंशी मी वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की आई तुम्ही गोष्ट सांगा, हात त्याचा चालू दे. चाललं.

बूट वेल्क्रोचे घ्या. एक स्टिकर मधोमध कापून अर्धा अर्धा दोन्ही बुटांच्या आत चिकटवा, चित्र जुळलं की पाय बरोबर. रेनकोट पुढून उघडणारा घ्या, तो जमिनीवर आतली बाजू वर करून पसरायचा, टोपी पोराच्या पायाकडे, मग वाकून दोन्ही हात बाह्यांत घालून डोक्यावरून मागे टाकायचा. आठवडाभर उलटसुलट होईल आणि मग बघा, उन्हाळ्यातसुद्धा घालून फिरेल.

बोलण्याचं थोडंसंच. "पाणी हवंय", "मला उघडत नाहीये", "त्याने ढकललं" एवढं परक्या माणसाला सांगता आलं की बास. दुकानदाराकडे बिस्किटाचा पुडा त्यालाच मागू द्या, तुम्ही मागे गप्प उभं राहायचं, हे गप्प राहणंच मला सगळ्यात जड गेलं.

सोडून जायचा सराव शेजारी किंवा मावशीकडे करा, आधी पंधरा मिनिटं मग तासभर, पण गुपचूप सटकायचं नाही. "डबा खाऊन झाला, गोष्ट झाली, की आई येणार" असं सांगा कारण घड्याळ त्यांना कळत नाही, आणि मग खरंच त्या वेळेला हजर राहा. पहिल्या दिवशीही तेच, बाय म्हणा आणि निघा, गेटच्या फटीतून डोकावू नका, त्याने बघितलं की रडणं परत पहिल्यापासून.