सेनानींची जुनी पत्रं जमवायची आहेत? आधी हात ओळखा

माझ्या टेबलासमोर ब्रिटिश आरमाराचा सेनानी नेल्सन याचं एक पत्र फ्रेम करून लावलंय. ते नेल्सनचं नाही. घेतलं तेव्हा मात्र तिळमात्र शंका आली नव्हती. पिवळट कागद, घड्यांच्या रेघा, खाली झोकदार सही. घरी आणून सराफाच्या दहा पटीच्या भिंगाखाली धरलं आणि पोटात गोळा आला. माणूस पिसाने लिहितो तेव्हा रेघ कुठे जाड होते, कुठे बारीक. पीस शाईत बुडवून आणलं की पहिले दोन शब्द गडद उमटतात, पुढचे फिके होत जातात. एक रेघ दुसरीवरून गेली की तिथे शाई दाट दिसते. माझ्या पत्रात पहिल्या अक्षरापासून शेवटापर्यंत एकसारखा, सपाट तपकिरी रंग. कधीतरी आठवण म्हणून छापलेली नक्कल होती ती. विक्रेत्याने पैसे परत केले नाहीत. तेव्हापासून भिंग खिशात असतं.

एकच माणूस निवडा

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे समोर येईल ते घेणं. त्यापेक्षा एक माणूस धरावा आणि त्याचं अक्षर डोळ्यांत मुरेपर्यंत दुसऱ्याकडे वळू नये. नेल्सनचंच घ्या. जुलै १७९७ मध्ये स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या हल्ल्यात त्याचा उजवा हात गेला. त्याआधीचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, वळणदार; नंतरचं डाव्या हाताचं, उभं आणि ओबडधोबड. सहीसुद्धा बदलली: आधी 'होरेशिओ नेल्सन', उमरावकी मिळाल्यावर नुसतं 'नेल्सन', आणि नेपल्सच्या राजाने ब्राँटेचा ड्यूक केल्यावर 'नेल्सन अँड ब्राँटे'. म्हणजे १७९८ ची तारीख आणि उजव्या हाताचं सुबक अक्षर असं पत्र कुणी दाखवलं, तर चहा प्यावा आणि निघावं.

आपल्या भागाशी नातं असलेला माणूस हवा असेल तर आर्थर वेलस्ली बघा, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. १२ ऑगस्ट १८०३ ला त्याने अहमदनगरचा किल्ला घेतला, २३ सप्टेंबरला असईची लढाई केली, २९ नोव्हेंबरला आडगावची, आणि १५ डिसेंबरला गाविलगड पाडला. या मोहिमेत तो सतत पत्रं लिहीत होता. घराण्याचं आडनाव आधी 'वेस्ली' होतं. १७९८ पासून तो 'वेलस्ली' लिहू लागला, आणि 'वेलिंग्टन' ही सही १८०९ मध्ये, तालावेराच्या लढाईनंतर आली. तेव्हा असईच्या छावणीतलं पत्र आणि खाली 'वेलिंग्टन' अशी जोडी जमूच शकत नाही. आणखी एक खड्डा आहे: त्याच काळात त्याचा थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होता. तो नुसतं 'वेलस्ली' अशी सही करी. धाकट्याचं म्हणून थोरल्याचं पत्र गळ्यात पडायला वेळ लागत नाही.

त्याच्या लष्करी पत्रव्यवहाराचे खंड छापलेले आहेत. त्यांतून पत्राच्या तारखेला त्याचा मुक्काम कुठे होता ते पडताळता येतं. कंटाळवाणं काम आहे, पण खोटेपणा बऱ्याचदा इथेच उघडा पडतो.

लिलावाच्या यादीतली भाषा शिका

'एएलएस' म्हणजे मजकूर आणि सही दोन्ही पाठवणाऱ्याच्याच हातची. 'एलएस' म्हणजे मजकूर कारकुनाचा, सही त्याची. 'डीएस' म्हणजे सही असलेला कागद: नेमणूक, हुकूम, पावती. एखाद-दुसऱ्या अक्षराचा फरक, पण किमतीत जमीन-अस्मानाचा. नेपोलियन सम्राट झाल्यावर पत्रं तोंडी सांगायचा आणि सही इतकी उरकायचा की शेवटी नावाचं एखाददुसरं अक्षर उरलं. त्याच्या स्वतःच्या हातचा अख्खा मजकूर दुर्मीळ आहे. स्वस्तात मिळत असेल तर का मिळतोय, ते विचारा.

कागद आणि शाई

कागद उजेडासमोर धरा. १७९४ पासून बरेच इंग्रज कारखानदार जलचिन्हात (वॉटरमार्कमध्ये) साल घालू लागले. पत्राची तारीख १८०३ आणि कागदात १८०७ दिसलं, तर प्रश्न मिटला. मग अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावा. कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, आणि ते कागदात सर्रास वापरलं जाऊ लागलं १९५० च्या सुमारास. १९८३ मध्ये जर्मनीत गाजलेल्या हिटलरच्या बनावट डायऱ्यांमध्येही युद्धानंतरची अशीच द्रव्यं सापडली होती. दुसऱ्या महायुद्धातल्या सेनानींच्या सह्यांसाठी आणखी सोपी खूण म्हणजे बॉलपेन. ते बाजारात नीट आलं १९४५ नंतर. १९४२ ची म्हणून विकली जाणारी बॉलपेनची सही त्या साली झालेली नाही.

लिलावातली माणसं सांगतात तेवढं साधं नसतं, कारण फसवणारा जुना कोरा कागद मिळवतोच. जुन्या वह्यांची कोरी पानं फाडली की झालं. पण जुन्या कागदावरची खळ उतरलेली असते, नवी शाई त्यावर फुटते, अक्षरांच्या कडांना केस फुटल्यासारखे तंतू दिसतात. भिंग पुन्हा कामाला येतं.

आणि साधी अक्कल विसरू नये. एकोणिसाव्या शतकात व्रँ-लुका नावाच्या इसमाने मिशेल शाल या नामांकित फ्रेंच गणितज्ञाला हजारो बनावट पत्रं विकली. त्यांत सिकंदराने ॲरिस्टॉटलला लिहिलेलं पत्रही होतं. फ्रेंचमध्ये!

मराठी कागद असेल तर

इथे सहीची कल्पनाच वेगळी. पेशवाईतलं पत्र बहुधा कारकुनाने मोडीत लिहिलेलं असतं. पाठवणाऱ्याची ओळख शिक्क्यात आणि मोर्तबात, म्हणजे मजकुराच्या शेवटी उठवलेल्या छोट्या शिक्क्यात. पेशव्यांच्या मोर्तबात 'लेखनसीमा' असतं, म्हणजे मजकूर इथे संपला, खाली कुणी भर घालू नये. म्हणून 'महादजी शिंद्यांची सही' असं कुणी म्हणालं की मी आधी शिक्का दाखवायला सांगतो.

तारीख वाचायला शिकाच. या कागदांतली कालगणना म्हणजे शुहूर सन; तो अरबी शब्दांत लिहितात आणि तो मृगाला बदलतो. 'अर्बा मयातैन व अलफ' म्हणजे चार, दोनशे आणि हजार: १२०४. त्यात ५९९ मिळवा, १८०३ येतं; जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखेला ६००. असईचं वर्ष हेच. काजळाची शाई काळीभोर राहते, युरोपातल्या लोखंडी शाईसारखी तपकिरी होत नाही. पण पाण्याने पसरते, म्हणून असा कागद ओल्या फडक्याने कधीही पुसू नका. कधी कधी अक्षरांवर बारीक कण चमकतात. शाई वाळवायला टाकलेली वाळू ती, झटकू नका.

मोडी येत नसेल तर वर्ग लावा. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून हेच कागद सांभाळतंय. तिथे आणि पुराभिलेखागारात खरी पत्रं पाहून डोळा तयार होतो. विकत घेण्याआधी सहा महिने नुसतं बघण्यात घालवले तर पैसे वाचतात.

कायदा आणि कागदाचा माग

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज पुरावशेष ठरतो. त्याच्या व्यापाराला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला तो देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला वाढदिवसाची भेट म्हणून पाठवायचा विचार सोडा. आधीचे मालक कोण, पावती आहे का, हे लेखी घ्या. कागदावर दप्तरखान्याचा शिक्का, रुमालाचा (दप्तराच्या गाठोड्याचा) क्रमांक किंवा खोडलेली नोंद दिसली तर तो चोरीचा असू शकतो. पुराभिलेखागारात विचारल्याशिवाय हात लावू नका.

जपणूक

लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, डिंक नाही. मायलरच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात, ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये, आडवं ठेवा. पीव्हीसीची स्वस्त पाकिटं शाई ओढून घेतात. भिंतीवर लावायचीच हौस असेल तर रंगीत प्रत लावा, मूळ कागद अंधारात. (माझा नकली नेल्सन म्हणूनच बिनधास्त उन्हात लटकलाय.)

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर खरा शत्रू जून ते सप्टेंबर. पेटीत सिलिका जेल ठेवा, रंग बदलला की बदला, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडून कसर किंवा बुरशी दिसते का बघा. डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका. उघडीप असेल त्या दिवशी, पंखा बंद करून, स्वच्छ कोरड्या हातांनी एकेक पान उलटायचं. मी ते रविवारी सकाळी करतो, घरचे उठायच्या आत.