खड्ड्याच्या व्यासावरून लेसरचा थ्रेशोल्ड कसा काढायचा

फेमटोसेकंद लेसरने, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या दशलक्षांशात मोजाव्या लागणाऱ्या प्रकाशाच्या झोतांनी (पल्सनी), कुठल्याही पदार्थावर काम करायचं असेल तर आधी त्या पदार्थाचा थ्रेशोल्ड मोजा. दर चौरस सेंटिमीटरवर किती ऊर्जा पडली की पृष्ठभाग कायमचा बदलतो, तो हा आकडा. छापील आकडा उचलू नका; तो दुसऱ्या कुणाच्या तरंगलांबीचा, पल्सचा आणि पॉलिशचा असतो. माझ्याकडे येणारा विद्यार्थी पुढे समीकरणं सोडवणार असो की आरसे जुळवणार, पहिलं काम मी त्याला हेच देते.

बीमचा आकार मोजणारा कॅमेरा नसला तरी अडत नाही. जे. एम. लिऊ यांनी १९८२ साली दाखवून दिलं की फोकसमधल्या बीमची त्रिज्या लेसरने पृष्ठभागावर पाडलेले खड्डे स्वतःच सांगतात. बीम गाउसियन (घंटेच्या आकाराच्या वक्रासारखा) असेल तर मधोमध फ्लुएन्स, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर पडणारी ऊर्जा, सर्वांत जास्त असतो आणि कडेकडे तो घातांकी पद्धतीने उतरत जातो. जिथे तो नेमका थ्रेशोल्डइतका होतो, तिथे खड्ड्याची कड. यातून सरळ निघतं:

व्यासाचा वर्ग = २ × बीम-त्रिज्येचा वर्ग × लॉग (पल्सची ऊर्जा ÷ थ्रेशोल्ड ऊर्जा)

लॉग इथे नैसर्गिक आहे, आणि बीम-त्रिज्या म्हणजे तीव्रता मध्याच्या साधारण १३.५ टक्क्यांवर येते तिथपर्यंतचं अंतर.

सुरुवात डोळ्यांपासून. ८०० नॅनोमीटरचा बीम कार्डावर मंद लालसर ठिपक्यासारखा दिसतो, कारण त्या तरंगलांबीला आपला डोळा जवळजवळ आंधळा असतो. ठिपका मंद म्हणजे बीम सौम्य, असं अजिबात समजू नका. त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा घाला, घड्याळ-अंगठी काढा, बीमच्या उंचीवर डोकं नेऊ नका. पॉलिश केलेला सिलिकॉन वेफर चांगलाच आरसा असतो; त्याच्यावरून परतणारा बीम कुठे जातो ते आधी शोधा आणि तिथे अडसर ठेवा.

ऊर्जा कमी-जास्त करायला अर्धतरंग पट्टी (प्रकाशाच्या ध्रुवणाची दिशा फिरवणारी) आणि पोलरायझर (एकाच दिशेचं ध्रुवण पुढे सोडणारा) वापरा. काळ्या काचेचे फिल्टर टाळा. ते तापतात, बीमचा आकार बिघडवतात आणि पल्स लांबवतात. ऊर्जा पॉवर-मीटरने मोजायची ती लेन्सच्या पुढे, सॅम्पलच्या बाजूला, पण फोकसपासून बरंच दूर, नाहीतर मीटरचं तोंडच जळेल. लेसर १ किलोहर्ट्झचा असेल आणि मीटर ५ मिलीवॉट दाखवत असेल तर प्रत्येक पल्समध्ये ५ मायक्रोज्यूल आहेत.

एका जागी एकच पल्स पडली पाहिजे. हे मी पुन्हापुन्हा सांगते, कारण त्याच जागी दुसरी, तिसरी पल्स पडली की पदार्थ आधीच दुखावलेला असतो आणि थ्रेशोल्ड घसरतो. कित्येक पदार्थांत तो पल्सच्या संख्येच्या घातानुसार उतरतो. या घसरणीला इनक्युबेशन म्हणतात; तिचा गुणांक ०.८५ असेल तर शंभर पल्सनंतर साधारण निम्मा होतो. वेगळा शटर नसेल तर स्टेज (सॅम्पल सरकवणारा मंच) १०० मिलिमीटर प्रतिसेकंद वेगाने पळवा. १ किलोहर्ट्झला खड्डे १०० मायक्रोमीटर अंतरावर सुटे-सुटे पडतात.

ऊर्जेचे टप्पे समान फरकाने घेऊ नका, समान पटीने घ्या. शेवटी व्यासाचा वर्ग उभ्या अक्षावर आणि ऊर्जेचा लॉग आडव्या अक्षावर घेऊन सरळ रेषा काढायची आहे; आडवा अक्ष लॉगचा असल्याने दर वेळी सव्वापट वाढवली की बिंदू सारख्या अंतरावर बसतात. थ्रेशोल्डच्या थोडं वरून सुरू करून साधारण दहापटीपर्यंत जा, आणि प्रत्येक ऊर्जेला पुष्कळ खड्डे पाडा.

आता सूक्ष्मदर्शक. सिलिकॉनवर एकच कड दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. बाहेर एक फिकट, वेगळ्या चमकेचं कडं असतं. तिथे स्फटिक वितळून गोठताना अस्फटिक झालेला असतो. त्याच्या आत खऱ्या खड्ड्याची गडद कड, जिथून पदार्थ उडाला. दोन कडा म्हणजे दोन थ्रेशोल्ड. दोन्हींचे व्यास वेगळ्या रकान्यांत लिहा आणि कधीही मिसळू नका. दोन्ही रेषा एकाच ग्राफवर काढल्या की मला या पद्धतीतली सर्वांत आवडती गोष्ट दिसते: त्या समांतर यायला हव्यात. चढ बीमचा असतो, पदार्थाचा त्यात काही वाटा नाही. समांतर आल्या नाहीत तर बीम गाउसियन नाही किंवा कडा नीट ओळखलेल्या नाहीत. आकडा काढायच्या आधी तिथेच थांबा.

समजा बाहेरच्या कड्याच्या रेषेचा चढ ८०० चौरस मायक्रोमीटर आला. त्याचा निम्मा ४००, म्हणजे बीम-त्रिज्या २० मायक्रोमीटर. रेषा खाली वाढवल्यावर व्यास शून्य होतो ती ऊर्जा १.६ मायक्रोज्यूल धरू. शिखर फ्लुएन्स, म्हणजे बीमच्या मधोमधचा, = २ × ऊर्जा ÷ (π × त्रिज्येचा वर्ग). उत्तर येतं दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२५ ज्यूल. त्यातली दुप्पट विसरली तर सरासरी फ्लुएन्स मिळतो आणि सगळे आकडे निम्मे होतात, म्हणून कुठला फ्लुएन्स वापरला ते वहीत प्रत्येक वेळी लिहा. गणित करणाऱ्यांनी तर नक्कीच: मॉडेलमध्ये ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनना मिळते आणि अणूंच्या जाळीला ती पिकोसेकंदांत (हजार फेमटोसेकंदांचा एक) पोचते, तेव्हा पल्स कधीच संपलेली असते. सुरुवातीलाच दुपटीची चूक झाली तर पुढचं वितळणं चुकीच्या जागी दिसतं.

सिलिकॉन जमला की फ्यूज्ड सिलिका (शुद्ध सिलिकाची पारदर्शक काच) घ्या. सिलिकॉनची बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, १.१२ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ८०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.५५; म्हणजे एकच फोटॉन पुरतो. फ्यूज्ड सिलिकाची बँडगॅप सुमारे ९ असल्याने बहुफोटॉन शोषणाला एका वेळी सहा फोटॉन लागतात, आणि शोषण तीव्रतेच्या सहाव्या घाताने वाढतं. पल्समागे ऊर्जा ३ टक्के जास्त झाली तर ते जवळपास २० टक्क्यांनी चढेल. इथे मीटरच्या सरासरीवर विसंबू नका. बीमचा छोटा अंश फोटोडायोडवर घेऊन प्रत्येक पल्सची ऊर्जा नोंदवा आणि तीच त्या-त्या खड्ड्यापुढे लिहा.