दोन शीट जुळत नाहीत? या चुका टाळा

फेब्रुवारी उजाडला की ठाण्यातली इंजिनिअरिंगची पोरं व्हिज्युअल क्रिप्टोग्राफीचा प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे येतात. नाओर आणि शमीर यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही पद्धत: चित्राच्या दोन पारदर्शक शीट, सुट्या बघितल्या तर नुसते काळे-पांढरे ठिपके, एकावर एक ठेवल्या की गुपित डोळ्यांना दिसतं. उलगडायला कॉम्प्युटर लागत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं एका रात्रीत होईल.

निम्मी रडारड छपाईची असते. स्टेशनजवळचा झेरॉक्सवाला सवयीने 'फिट टू पेज' ठेवतो. एक शीट ९७ टक्क्यांवर, दुसरी १०० वर निघाली तर ए-४च्या रुंदीत सहा मिलिमीटरचा फरक पडतो. मग "सर, कोडमध्ये बग आहे." कोडला हात लावू नका! 'अ‍ॅक्चुअल साइज' निवडा, दोन्ही शीट एकाच प्रिंटरवर लागोपाठ काढा. मी चारही कोपऱ्यांत अधिकचं चिन्ह छापतो, आधी ते जुळवतो, मग खिडकीच्या उजेडात धरतो. शीट लेझर प्रिंटरला चालणारीच घ्या, नाहीतर आत वितळून बसते आणि दुकानदाराची बोलणी खावी लागतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. दोन पोरांच्या जोडीने लॉगिनचा प्रोजेक्ट बनवला होता: ग्राहकाच्या हातात एक शीट, स्क्रीनवर दुसरी, वर धरली की ओटीपी दिसतो. छानच. पण हातातली शीट दर वेळी तीच. मी दोनदा बजावलं, "डेमोपुरतं चालतं सर." व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी दोन लॉगिनचे स्क्रीनशॉट घेतले आणि एकमेकांवर ठेवले. हातातल्या शीटशिवाय दोन्ही ओटीपी एकमेकांवर चढलेले दिसले! कारण साधं आहे: गुप्त शीट एकच असली की ओटीपींचे ठिपके जिथे सारखे तिथे राखाडी राहतं, जिथे वेगळे तिथे पूर्ण काळं होतं. एका शीटवर एकच निरोप. फार तर शीटचे चौकोन पाडा आणि वापरलेला चौकोन मार्करने खोडा.

बाकी किरकोळ. शेअर, म्हणजे प्रत्येक शीटची फाइल, जेपीईजीत सेव्ह करू नका, पीएनजी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून तर पाठवूच नका. ठिपके निवडायला पायथनमध्ये 'रँडम' मॉड्यूल नको, 'सिक्रेट्स' वापरा. आणि पांढरा भाग राखाडीच दिसणार, निम्मे ठिपके तिथे काळेच असतात. ते "दुरुस्त" करत बसू नका.