तापाचं औषध: ड्रॉप्स की सिरप, आधी आकडा वाचा
घरात लहान मूल असलं की पॅरासिटामॉलच्या दोन-तीन बाटल्या हमखास जमतात, आणि घोळ तिथेच होतो. ड्रॉप्सच्या बाटलीवरची बारीक अक्षरं बघा: बहुतेक वेळा 1 मिलीत 100 मिग्रॅ औषध असतं. साध्या सिरपमध्ये 5 मिलीत 120 किंवा 125, तर 'डीएस' (डबल स्ट्रेंग्थ, म्हणजे दुप्पट ताकदीच्या) सिरपमध्ये 5 मिलीत 240 किंवा 250. म्हणजे सिरप समजून ड्रॉप्स 5 मिली पाजले, तर मोठ्या माणसाची 500ची अख्खी गोळी बाळाच्या पोटात गेली!

डोस वयावर नाही, वजनावर ठरतो: किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ, मध्ये चार ते सहा तासांचं अंतर, 24 तासांत चारदाच. डॉक्टरांकडून मिग्रॅ आणि मिली दोन्ही लिहून घ्या. केमिस्टने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली तर आकडा पुन्हा ताडून पाहा. मापायला सोबतचा ड्रॉपर किंवा बिनसुईची सिरिंज. घरातला चमचा नकोच, कुणाचा चहाचा, कुणाचा पोह्यांचा. सर्दीच्या सिरपमध्येही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, तेही तपासा.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल, तर घरी औषध न देता थेट डॉक्टरांकडे न्या.