घड्याळ मनगटावर, ऑफिस दाराबाहेर : धावू लागलेल्या नोकरदार मुंबईकरांसाठी

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेले किंवा कंपनीकडून भेट मिळालेले स्मार्टवॉच बहुतेक घरांत दोन अपेक्षांनी हातावर चढते : धावण्याची सवय लागावी आणि कामाचा ताण आटोक्यात यावा. मात्र खोक्यातून जसे निघाले तसेच ते वापरले, तर दोन्ही अपेक्षांच्या आड येते, कारण त्याची मूळ मांडणी आपण त्याच्याकडे वारंवार पाहावे अशाच बेताने केलेली असते. म्हणून धावायला लागण्यापूर्वी घड्याळातील बऱ्याच गोष्टी बंद कराव्या लागतात.

फोनवरील ॲपमध्ये सूचनांची यादी उघडावी आणि ऑफिसचा ईमेल, टीम्स, कामाचे व्हॉट्सॲप गट यांना मनगटावर येण्यास मनाई करावी. घरच्या दोन-तीन माणसांचे फोन तेवढे चालू ठेवावेत. पहाटे शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती धावताना साहेबांच्या संदेशाचे पहिले चार शब्द मनगटावर उमटले, की उरलेला संदेश आपण मनातच रचू लागतो, आणि मग पाय पार्कात असले तरी डोके मीटिंगमध्ये जाऊन बसते. सलग किती दिवस ध्येय गाठले याची मोजणी, पदके आणि सहकाऱ्यांशी चालणारी पावलांची चढाओढ हेही बंद करावे, असे माझे स्पष्ट मत आहे; ऑफिसात टार्गेट पुरेशी असतात. दहा हजार पावलांच्या ज्या आकड्याचा एवढा दबदबा आहे, तो १९६०च्या दशकात जपानमध्ये विकल्या गेलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्रामुळे रूढ झाला; तो कोणत्याही वैद्यकीय संशोधनाचा निष्कर्ष नव्हता. त्यापेक्षा जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस अधिक उपयोगी आहे : प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा. हिशेब आठवड्याचा असल्याने एखादा दिवस बुडाला तरी काही बिघडत नाही.

आता वेळ आणि जागा. डोंबिवली किंवा विरारहून सकाळची फास्ट पकडणाऱ्याला रोज पाच वाजता उठून धावण्याचा सल्ला देणे सोपे असते, परंतु रात्री साडेअकराला झोपणाऱ्याने तो पाळला तर धावण्याचा फायदा अपुऱ्या झोपेत बुडतो. अशांनी आठवड्यातील एक धाव संध्याकाळी ऑफिसजवळच उरकावी. फोर्ट, चर्चगेट किंवा नरिमन पॉइंटला काम करणाऱ्यांसाठी मरीन ड्राइव्हचा पदपथ हाकेच्या अंतरावर आहे. तेथे अर्धा-पाऊण तास घालवला तर परतीच्या गाडीची गर्दीही थोडी ओसरलेली मिळते. दुसरी धाव घराजवळ सकाळी आणि तिसरी रविवारी, एवढे वेळापत्रक पहिल्या काही महिन्यांसाठी पुरेसे आहे.

अगदी नवख्या माणसाने एक मिनिट सावकाश धावावे आणि दोन मिनिटे चालावे, असे वीस-पंचवीस मिनिटे करावे. स्मार्टवॉचचा खरा उपयोग येथे होतो : त्यातील इंटरव्हल टायमर एकदा लावून ठेवला, की प्रत्येक टप्प्याला मनगटावर थरथर जाणवते आणि पडद्याकडे पाहावेच लागत नाही. दोन-तीन आठवड्यांनी धावण्याचा भाग हळूहळू वाढवत न्यावा, पण एका आठवड्यात वेळ आणि वेग दोन्ही वाढवू नयेत. इअरबड वापरायचेच असतील तर रस्त्यालगत धावताना एकाच कानात घालावेत. उलट दिशेने दामटलेली दुचाकी मुंबईत बहुधा आधी ऐकू येते, मग दिसते.

घड्याळ दाखवते ते अंतर आणि ठोके किती खरे मानावेत, हे मात्र नीट समजून घ्यायला हवे. जीपीएसचा संकेत उंच इमारतींवर आदळून उशिरा पोहोचतो, म्हणून लोअर परळच्या टॉवरांमध्ये धावलेला मार्ग नकाशावर रस्ता सोडून इमारतींच्या आतून गेलेला दिसतो. मरीन ड्राइव्हवर एका बाजूला मोकळा समुद्र आणि दुसरीकडे बहुतांशी पाच-सहा मजली जुन्या इमारती असल्याने तीच नोंद बरीच नीट येते. धावायला सुरुवात करण्यापूर्वी मोकळ्या जागी अर्धा-एक मिनिट थांबून उपग्रह सापडल्याची खूण उमटू द्यावी.

हृदयाचे ठोके घड्याळ हिरव्या प्रकाशाने मोजते. रक्त हा प्रकाश शोषून घेते, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील रक्ताचे प्रमाण बदलते तसा परतणारा प्रकाश कमी-जास्त होतो. पट्टा सैल असला किंवा घामाने सरकत राहिला, तर घड्याळ पावलांच्या हिसक्यांनाच ठोके समजू शकते. आपण आरामात गप्पा मारत धावत आहोत आणि पडद्यावर मिनिटाला १७० ठोके दिसत आहेत, असे झाले तर घाबरण्याआधी पट्टा तपासावा. तो मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट बसलेला असावा. २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल ठोक्यांचा आकडाही ढोबळच आहे : चाळिशीच्या माणसासाठी तो १८० येतो, पण प्रत्यक्षात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यापेक्षा जुनी खूण बरी. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले तर वेग सोपा आहे. दोन-दोन शब्दांवर दम लागला तर तो कमी करावा. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि त्याच वेगाला ठोके वाढतात, म्हणून मे आणि ऑक्टोबरमध्ये जानेवारीचा वेग टिकवण्याचा हट्ट धरू नये. छातीत दुखणे, चक्कर किंवा न शोभणारी धाप लागली तर लगेच थांबून डॉक्टरांना गाठावे. ईसीजी काढू शकणारी घड्याळेही हृदयविकाराचा झटका ओळखत नाहीत.

‘स्ट्रेस’ नावाचा आकडा सर्वांत जास्त गोंधळ घालतो. तो बहुतेक घड्याळांत दोन ठोक्यांमधील अंतर किती बदलते यावरून काढलेला असतो. शरीर निवांत असताना हे अंतर अधिक बदलते आणि ताणाखाली ते एकसारखे होत जाते. मात्र ताण कशाचा, हे घड्याळाला कळत नाही. दादरच्या पुलावरून गर्दीत धावपळ करून गाडी पकडली किंवा साहेबांनी सर्वांसमोर झापले, तरी पडद्यावर उमटते ती एकच पट्टी. रात्री साडेदहाला भरपेट जेवण, मद्य, येऊ घातलेला ताप, खोलीतील उकाडा या सर्वांचा परिणामही त्याच आकड्यात मिसळतो. म्हणून दिवसभर तो पाहू नये. सकाळी उठल्यावर फक्त विश्रांतीच्या ठोक्यांचा आकडा पाहावा आणि तो स्वतःच्याच मागील दोन-तीन आठवड्यांच्या सरासरीशी ताडावा. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याच्या आकड्याशी त्याचा संबंध नाही. सरासरीपेक्षा तो पाच-सात ठोक्यांनी वर असेल, झोप पुरी झाली नसेल आणि ऑफिसात डेडलाइन डोक्यावर असेल, तर त्या दिवशीची वेगाची धाव रद्द करावी.

मात्र रद्द करणे म्हणजे घरी बसून लॅपटॉप उघडणे नव्हे. जोरात धावणे हाही शरीरावरचा ताणच असतो आणि थकलेल्या शरीरात तो कामाच्या ताणात भर घालतो. त्याऐवजी वीस मिनिटे सावकाश धावणे किंवा झपझप चालणे बहुतेकांना मानवते. अशा दिवशी शक्य असेल तर घड्याळ घरीच ठेवावे. दोन-तीन आठवडे झोप उडालेली, कशातच मन न लागणे, रविवार संध्याकाळपासूनच पोटात गोळा येणे असे चालू राहिले, तर त्यावर धावणे हा उपाय पुरणार नाही; डॉक्टरांशी बोलावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा, तेथे मराठीतही बोलता येते.

पावसाळ्यात घड्याळ जलरोधक असले तरी घामाचे क्षार पट्ट्याखाली साचून पुरळ येते. धावून आल्यावर पट्टा साध्या पाण्याने धुवावा, कोरडा करावा आणि घड्याळ ओले असताना चार्जिंगला लावू नये. साचलेल्या पाण्यातून धावू नये. गटारांची उघडी झाकणे दिसत नाहीत आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा, धोका असतो. हिवाळ्यात वारा पडलेला असताना प्रदूषण जमिनीलगत कोंडून राहते, त्यामुळे पहाटेची हवा स्वच्छच असते हा समज तेव्हा टिकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर जवळच्या केंद्राचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक पाहावा आणि तो २००च्या वर असेल तर घरातच व्यायाम करावा.

सवय रुळली की जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनचे वेध लागतात. २००४ पासूनच्या या शर्यतीत ४२.१९५ किलोमीटरची पूर्ण आणि तिच्या निम्म्या अंतराची अर्धमॅरेथॉन तर आहेच, शिवाय दहा किलोमीटरचाही गट आहे, आणि नवख्याने तोच निवडावा. नाव नोंदवताना स्वतःच्या ऑफिसचे कॅलेंडर शेजारी ठेवावे. बँकेत किंवा अकाउंट्समध्ये काम करणाऱ्यांना ही शर्यत सोयीची पडते, कारण सराव ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये होतो आणि मार्चअखेरच्या रात्री सुरू होण्याआधी ती संपलेली असते. सणासुदीची विक्री सांभाळणाऱ्यांचे मात्र सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिने कामाने भरलेले असतात. त्यांनी त्या वर्षी शर्यत सोडून द्यावी आणि आठवड्याच्या तीन सोप्या धावा चालू ठेवाव्यात.